जॉबर गेला, त्याची कामं कुठे गेली?

१९२९ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या कामगारांची स्थिती तपासायला एक रॉयल कमिशन नेमलं. अध्यक्ष होते जे. एच. व्हिटली, हाउस ऑफ कॉमन्सचे माजी स्पीकर. सभासदांमध्ये आपले ना. म. जोशी होते. लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग ज्यांच्या नावाचा, तेच. कमिशनने देशभर फिरून साक्षी घेतल्या, गिरण्या-खाणी-मळे पाहिले आणि १९३१ मध्ये जाडजूड अहवाल दिला.

या अहवालात एका माणसाबद्दल बरंच लिहिलंय. तो मालक नव्हता, गिरणीचा मॅनेजर नव्हता, युनियनचा पुढारीही नव्हता. तो होता जॉबर. कमिशनचं म्हणणं थोडक्यात असं: हा माणूस हिंदुस्थानातल्या जवळजवळ प्रत्येक कारखान्यात आहे, आणि त्याच्या एकट्याकडे इतकी कामं आहेत की बघणाऱ्याने थक्क व्हावं. तो पाळीवर देखरेख करतो. मशीन बिघडलं की मेकॅनिकच्या हाताखाली उभा राहतो. नवीन आलेल्याला काम शिकवतो. पण कामगाराच्या दृष्टीने ही सगळी कामं दुय्यम. कामगारासाठी तो म्हणजे नोकरी देणारा आणि नोकरी घालवणारा.

मॅनेजमेंटच्या पुस्तकांत ‘मॅनेजरच्या भूमिका’ असं एक प्रकरण असतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आपण ते परीक्षेपुरतं वाचतो, भूमिकांची यादी पाठ करतो आणि विसरतो. पण ती यादी माणसांच्या आयुष्यात काय उलथापालथ करते हे बघायचं असेल, तर मुंबईच्या गिरण्यांसारखी दुसरी जागा नाही. तिथे या सगळ्या भूमिका आधी एकाच माणसाकडे होत्या. मग संप, कायदे आणि कमिशनं यांनी त्या एकेक करून त्याच्या हातातून काढल्या आणि वेगवेगळ्या टेबलांवर ठेवल्या. आज आपण त्याच टेबलांच्या समोर बसतो.

गिरणीची उतरंड

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली. १८५६ मध्ये ताडदेवला तिची गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी हा सगळा पट्टा चिमण्यांनी भरून गेला. त्याला आपण गिरणगाव म्हणतो. १९२० च्या दशकात या गिरण्यांमध्ये दीड लाखाच्या आसपास माणसं काम करत होती.

एवढ्या माणसांचा कारभार कोण बघायचं? कागदावर उत्तर सोपं होतं. सगळ्यात वर मॅनेजिंग एजंट. ही एक पेढी असायची आणि तिच्याकडे कंपनी चालवण्याचा करार असायचा. तिला कमिशन मिळायचं. सुरुवातीच्या काळात बऱ्याच ठिकाणी हे कमिशन नफ्यावर नसून मालाच्या उत्पादनावर असे. म्हणजे कंपनी तोट्यात गेली तरी सूत निघालं की एजंटाचा खिसा भरला. एजंटाच्या खाली गिरणीचा मॅनेजर. त्याच्या खाली स्पिनिंग मास्टर, वीव्हिंग मास्टर. यांना कामगार ‘मास्तर’ म्हणत. पहिल्या काही दशकांत या जागांवर लँकेशायरहून आणलेले साहेब असत. हळूहळू हिंदी माणसं वर आली, त्यांत पारशी बरेच होते. साहेबांवर विसंबायला नको म्हणून इथेच तंत्रज्ञ तयार व्हावेत, या विचारातून १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. आपण कटऑफ बघून उसासे टाकतो ती व्हीजेटीआय मुळात गिरण्यांसाठी माणसं घडवायला उभी राहिली होती.

या मास्तरांना कापूस कळत होता, मशीन कळत होतं. पण रत्नागिरीहून बोटीने आलेला, साताऱ्याहून किंवा घाटावरून उतरलेला माणूस त्यांना कळत नव्हता. त्याची भाषा येत नव्हती. तो कुठे राहतो, गणपतीला गावी गेला तर कधी परत येणार, त्याच्या जागी उद्या कोण उभं राहील, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. मास्तर आणि कामगार यांच्यामध्ये ही जी मोकळी जागा राहिली, तिथे जॉबर उभा राहिला.

हा प्रकार एकट्या मुंबईचा नव्हता. कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत त्याला सरदार म्हणत, इतर ठिकाणी मुकादम, दक्षिणेत मेस्त्री. नावं वेगळी, जागा तीच.

सकाळी दरवाज्यात

जॉबर हा कामगारांमधूनच वर आलेला असे. बरीच वर्षं साच्यावर घासल्यावर त्याला ही जागा मिळायची. साचा म्हणजे माग. मुंबईच्या गिरणीत मागाला साचाच म्हणत, आणि विणकाम खात्याला साचाखातं. खात्याचा एक हेड जॉबर, त्याच्या हाताखाली लाइन जॉबर.

त्याचा दिवस भोंग्याच्या आधी सुरू व्हायचा. गिरणीत रोज काही ना काही खाडे असायचेच. कुणी आजारी, कुणी गावी, कुणी थकून घरी पडलेला. त्या रिकाम्या साच्यांवर माणसं हवीत, नाहीतर उत्पादन बुडणार. म्हणून सकाळी गिरणीच्या दरवाज्यात काम शोधणाऱ्यांचा घोळका जमायचा. त्यातून जॉबर माणसं निवडायचा. आज ज्याला घेतलं तो ‘बदली’. उद्या घेईल की नाही, ते जॉबर ठरवणार.

निवड झाली की कुणाला कुठला साचा द्यायचा हेही तोच ठरवणार. चांगला साचा, चांगलं सूत मिळालं तर तार कमी तुटते. तार कमी तुटली तर कापड जास्त निघतं. विणकराची मजुरी नगावर असल्यामुळे जॉबरची मर्जी ही शब्दशः आणे-पैशांत मोजता यायची. साचा अडला की तोच जुळवून देणार. नवख्याला धोटा कसा धरायचा ते दाखवणार. रजा हवी तर आधी त्याच्या कानावर घालायचं. मास्तर रागावला तर मध्ये तोच पडणार. आणि मास्तराला कुणाला काढायचं असेल तर नावही तोच पुरवणार.

एवढ्यावर गोष्ट थांबत नव्हती. नवीन माणूस मुंबईत उतरला की त्याला खोलीत पाय ठेवायला जागा हवी, खानावळीत उधारी हवी, पहिला पगार होईपर्यंत चार पैसे हवेत. वाण्याकडे शब्द कोण टाकणार? जॉबर. कर्ज कोण देणार, किंवा सावकाराकडे कोण नेणार? पुष्कळदा जॉबरच. कामगाराचं गिरणीतलं आणि गिरणीबाहेरचं आयुष्य एकाच माणसाच्या हातात अडकलेलं असायचं.

या सगळ्याची किंमत होती. तिला दस्तुरी म्हणत. नोकरी लागताना द्यायची, टिकवण्यासाठी अधूनमधून देत राहायची. व्हिटली कमिशनने ही साखळी स्पष्ट लिहून ठेवली आहे: कामगार जॉबरला देतो, जॉबरला हेड जॉबरचा हात ओला करावा लागतो, आणि वरच्या देखरेख करणाऱ्यांनाही कधी कधी त्यातला वाटा पोचतो.

बायकांच्या खात्यांत, म्हणजे वायंडिंग आणि रीलिंगमध्ये, नायकीण असे. तीही बायकाच निवडायची, काम वाटायची आणि तिच्याबद्दलही याच तक्रारी होत्या.

जॉबर माणसं आणायचा ती स्वतःच्या ओळखीतली: गावचे, भावकीतले, जातीतले. आज आपण ज्याला रेफरल म्हणतो त्याचा हा पूर्वज. याचा फायदा उघड होता, कारण ओळखीचा माणूस पळून जात नाही आणि कर्जही बुडवत नाही. तोटाही तेवढाच उघड होता. ज्याची ओळख नाही त्याला दार बंद. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता. तुटलेली तार जोडताना तोंड लावावं लागतं, मग विटाळ होईल, असं कारण दिलं जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला. हा भेद काही एकट्या जॉबरने निर्माण केला नव्हता, मालक आणि सवर्ण कामगार दोघेही त्यात सामील होते. पण ओळखीच्या बळावर भरती चालली की जुना भेद आपोआप पुढच्या पिढीला मिळतो, एवढं यातून दिसतं.

तो राजा होता का?

हे सगळं वाचून जॉबर म्हणजे गिरणगावचा हुकूमशहा वाटू लागतो. मालकांनाही ते चित्र सोयीचं होतं, कारण मग सगळा दोष त्याच्यावर ढकलता येत होता. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरण्यांवर जे काम केलं, त्यात हे चित्र बरंच बदलतं. त्यांचा मुद्दा असा की जॉबरची सत्ता नेहमी दोन बाजूंनी ओढलेली होती.

एक तर त्याला मॅनेजर कधीही काढू शकत होता. खाडे भरून काढता आले नाहीत, उत्पादन पडलं, खात्यात गडबड झाली की पहिली वीज त्याच्यावर. दुसरं म्हणजे तो त्याच कामगारांच्या चाळीत, त्याच नळावर, त्याच नाक्यावर राहायचा. दिवसभर ज्याला दाबलं तो संध्याकाळी शेजारी बसलेला. आपली माणसं दुसऱ्या जॉबरकडे गेली तर याच्या हातात काय उरलं? म्हणून संप झाला की अनेकदा जॉबरला कामगारांबरोबर जावं लागे. मालकांना वाटायचं की तो आपला माणूस आहे आणि संप मोडेल. कामगारांना वाटायचं की आपल्यातलाच आहे, फितूर होणार नाही. तो दोघांचाही अर्धाच असायचा.

वरून टार्गेट, खालून नाराजी आणि मध्ये एक माणूस. हे वर्णन तुम्ही ऑफिसच्या चहाच्या टपरीवर ऐकलेलं आहे.

मिंट्झबर्गची वही

आता थोडं पुढे जाऊ. हेन्री मिंट्झबर्ग या कॅनडाच्या अभ्यासकाने १९६० च्या दशकात पीएचडीसाठी एक साधी गोष्ट केली. पाच कंपन्या-संस्थांच्या प्रमुखांच्या मागे तो प्रत्येकी एक आठवडा वही घेऊन फिरला. तोपर्यंत मॅनेजर काय करतो याचं ठरलेलं उत्तर होतं, आणि ते आंरी फायोल या फ्रेंच खाण इंजिनिअरने १९१६ मध्ये दिलं होतं: नियोजन, संघटन, आज्ञा, समन्वय, नियंत्रण. मिंट्झबर्गला यातलं काही सुटं सुटं दिसलंच नाही. त्याला दिसले फोन, अचानक आलेली माणसं, दारात उभं राहून झालेली बोलणी. त्या पाच जणांची निम्मी कामं प्रत्येकी नऊ मिनिटांच्या आत संपत होती.

या निरीक्षणांतून त्याने १९७३ च्या पुस्तकात मॅनेजरच्या दहा भूमिका मांडल्या. तीन माणसांशी नातं ठेवण्याच्या: संस्थेचा चेहरा, पुढारी, दुवा. तीन माहितीच्या: कानोसा घेणारा, खबर पोचवणारा, बाहेर बाजू मांडणारा. आणि चार निर्णयाच्या: नवं काही सुरू करणारा, तंटा-बखेडा निस्तरणारा, साधनं वाटणारा, वाटाघाटी करणारा.

ही यादी जॉबरसमोर धरून बघा. चाळीत कुणाचं लग्न निघालं किंवा कुणी गेलं तर तिथे जॉबर हजर, हा चेहरा. काम शिकवणारा, दम देणारा, हा पुढारी. मास्तर आणि कामगार, कामगार आणि वाणी, यांच्यातला दुवा तोच. रात्री खोलीत काय कुजबुज चालली आहे ते त्याला ठाऊक. मास्तरची इंग्रजी नोटीस मराठीत तोच सांगणार. कामगारांची कुरकुर वर तोच नेणार. साचे आणि सूत तोच वाटणार. बिघाड, खाडा, भांडण तोच निस्तरणार. घासाघीस तोच करणार. नवं काही सुरू करणं एवढी एकच भूमिका त्याच्याकडे जवळजवळ नव्हती. नवं यंत्र, नवी पद्धत, जास्त साचे हे सगळं वरून यायचं, आणि तो ते फक्त झेलायचा.

दहापैकी नऊ! सही करण्यापुरतं शिकलेला असेल-नसेल, मॅनेजमेंट हा शब्दही कानावर आला नसेल, आणि हा माणूस दहापैकी नऊ भूमिका निभावत होता.

मिंट्झबर्गने आणखी एक गोष्ट सांगितली, जी परीक्षेच्या नोट्समध्ये सहसा नसते. त्याच्या मते या दहा भूमिका सुट्या करता येत नाहीत. त्या एकमेकींवर उभ्या आहेत. माणसांशी नातं असतं म्हणून माहिती मिळते, माहिती असते म्हणून निर्णय घेता येतो. एकाच मॅनेजरचं काम दोघा-तिघांत वाटलं, तर ते तिघे एका माणसासारखे वागले तरच जमतं.

खुर्ची फोडायची कशी

याच्या बरोबर उलट विचार एका अमेरिकन इंजिनिअरने सत्तर वर्षं आधी मांडला होता. फ्रेडरिक टेलर, स्टॉपवॉच घेऊन काम मोजणारा. त्याने १९०३ मध्ये लिहिलं की कारखान्यातल्या फोरमनकडून आपण नको तितक्या गोष्टींची अपेक्षा करतो आणि इतके गुण एका माणसात सापडत नाहीत. मग फोरमन एक कशाला? आठ करा. चार आतल्या खोलीत: कामाचा मार्ग आखणारा, सूचना लिहिणारा, वेळ आणि खर्च मांडणारा, शिस्त बघणारा. चार मशीनजवळ: टोळीचं काम लावून देणारा, वेग बघणारा, तपासणी करणारा, दुरुस्ती बघणारा.

आठ साहेब ऐकूनच कामगाराच्या पोटात गोळा येईल. ही योजना जशीच्या तशी फार कमी कारखान्यांनी वापरली. पण तिच्यातली कल्पना टिकली: मॅनेजर हा माणूस नाही, ते कामांचं गाठोडं आहे आणि गाठोडं सोडता येतं.

हिंदुस्थानात याचं एक लहानसं रूप त्याही आधी घडून गेलं होतं. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हा कारभाराला बेझनजी मेहता या रेल्वेतून आलेल्या, गिरणीचा अनुभव नसलेल्या माणसाला घेतलं, आणि तांत्रिक बाजूला ब्रुक्सबी या इंग्रज तंत्रज्ञाला. माणसं आणि व्यवहार एकाकडे, मशीन दुसऱ्याकडे. आपल्या भाषेत एक इंजिनिअरिंग मॅनेजर, एक टेक लीड. पण ही फोड वरच्या मजल्यावर झाली. खाली खात्यात जॉबर अखंड होता.

त्याला धक्का बसला १९२८ मध्ये. गिरणीमालकांनी ‘रॅशनलायझेशन’ आणलं: विणकराने दोनऐवजी तीन साचे बघायचे, कातकाम्याने एकाऐवजी दोन बाजू. माणसं कमी, काम जास्त. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप चालला. त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि तिने गिरणी-गिरणीत कमिट्या केल्या. या कमिट्या कामगाराची तक्रार घेऊन थेट मॅनेजरकडे जाऊ लागल्या. जॉबरच्या हातातली ‘बाजू मांडणारा’ ही भूमिका पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी मागितली, आणि साहजिकच त्यावरून खात्याखात्यांत खटके उडाले.

मग आलं व्हिटली कमिशन. त्याची शिफारस होती की भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातातून काढा, आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नावाचा वेगळा माणूस नेमा. १९३४ मध्ये मुंबई प्रांतात तंटे मिटवण्याचा कायदा झाला आणि सरकारी लेबर ऑफिसर आला. १९३५ मध्ये गिरण्यांनी बदली नियंत्रण योजना आणली. ठरावीक बदल्यांना महिन्याच्या सुरुवातीला कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचं आणि रिकाम्या जागा आधी त्यांनाच द्यायच्या. घोळक्यातून बोट दाखवून माणूस उचलण्याच्या जागी आता यादी आली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट आला. त्याच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर बंधनकारक केला. या नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला संस्था लागल्या. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने सुरू झालेली समाजकार्याची शाळा, म्हणजे आजची टिस, त्यांतली एक. लेबर ऑफिसरचा वेल्फेअर ऑफिसर झाला, मग पर्सोनेल मॅनेजर, मग एचआर. तुमच्या ऑफर लेटरवर सही करणारी व्यक्ती या साखळीतली शेवटची कडी आहे. तिच्या खुर्चीचा एक पाय जॉबरच्या खुर्चीतून आलाय.

सुटलं काय, राहिलं काय

यातून भलं झालं का? झालं. नोकरीला अर्ज, कार्ड, नोंद, नियम आले. काढून टाकलं तर जाब विचारायला दार आलं. दस्तुरी एका दिवसात संपली नाही, जॉबरही लगेच गेला नाही, पण ‘मी सांगेन तो कायदा’ हे त्याचं बळ ओसरत गेलं. ज्या माणसाला भावकी नव्हती, ओळख नव्हती, त्याच्यासाठी यादी हीच मोठी गोष्ट होती.

पण बदली संपला नाही. जॉबरची मनमानी रोखायला निघालेल्या योजनेने बदली ही कायमची जात करून टाकली. आधी तो जॉबरच्या मर्जीवर होता, आता कार्डावर. वर्षानुवर्षं रोज सकाळी हजर व्हायचं आणि काम नसेल तर परत जायचं. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या दत्ता सामंतांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि बदल्यांना कायम करा हीही एक मागणी होती. योजनेला तोवर सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

जॉबरशी भांडता तरी येत होतं. त्याला नाव होतं, खोली होती, बायको-मुलं होती. यादीशी भांडायचं कसं?

गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका टीममध्ये एका कंत्राटी टेस्टरचं काम थांबवलं. तीन वर्षं तो त्याच प्रॉडक्टवर होता. कुठला बग कुठे लपतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्याने कारण विचारलं. इंजिनिअरिंग मॅनेजर म्हणाले, बजेट माझ्याकडे नसतं. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणाली, मी फक्त काय बनवायचं ते ठरवते. स्क्रम मास्टर म्हणाला, मी मीटिंगा लावतो. एचआरने सांगितलं, तो आमच्या रोलवर नाही, त्याच्या व्हेंडरशी बोला. व्हेंडर म्हणाला, निर्णय क्लायंटचा. गंमत म्हणजे यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं. टेलरचे आठ फोरमन आपापल्या जागी बरोबर होते. निर्णय मात्र कुणीच घेतलेला नव्हता, तो नुसता झाला होता.

जॉबरच्या काळात त्या टेस्टरला कारण कळलं असतं. बहुधा अन्यायाचं कारण असतं, पण कुणी केला ते माहीत असतं.

म्हणजे जॉबर परत हवा का? मुळीच नाही. जुन्या गिरणगावाची आठवण काढताना असा गोड घोटाळा होतो खरा. एक गोष्ट लक्षात ठेवावी: दार बंद झालेले लोक त्या आठवणी सांगायला त्या चाळीत नसायचे.

मला यात दोन वेगळे प्रश्न दिसतात, आणि आपण ते एकत्र गुंडाळतो. पहिला प्रश्न माहितीचा. काम काय आहे, माणूस कसा आहे, अडचण कुठे आहे, हे एका डोक्यात असलं तर काम नीट चालतं. मिंट्झबर्ग म्हणतो ते इथे खरं. मॅनेजर म्हणून ज्याच्याकडे बघायचं त्याला तुमचं काम माहीत असायला हवं. दुसरा प्रश्न पोटाचा. नोकरी देण्या-घेण्याचा निर्णय एकाच डोक्यात, अपिलाशिवाय असला तर दस्तुरी आलीच, मग ती पैशांची असो की मर्जीची. व्हिटली कमिशन म्हणतं ते इथे खरं. जॉबरकडे माहिती पूर्ण होती आणि त्याच्यावर अपील शून्य. आपल्याकडे अपिलाची खिडकी आहे, पण खिडकीत बसलेल्याला तुमच्या कामाची माहिती नाही आणि ज्याला माहिती आहे त्याच्या हातात निर्णय नाही.

म्हणून पुढच्या वेळी कंपनीत नवा रोल निघाल्याचा मेल आला, ‘पीपल पार्टनर’ किंवा ‘डिलिव्हरी लीड’ वगैरे, तर पदाच्या नावात अडकू नका. मिंट्झबर्गच्या दहा भूमिका कागदावर लिहा आणि प्रत्येकीसमोर तुमच्या ऑफिसातल्या माणसाचं नाव टाका. ज्या ओळीसमोर नाव सुचत नाही, तिथे काहीतरी तुमच्या डोक्यावर पडणार आहे. आणि ज्या नावावर अपील नाही, ते नाव कितीही हसतमुख असलं तरी लक्षात ठेवा.

१८८४ ची मागणी

या सगळ्याच्या कितीतरी आधी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. लोखंडे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक होते. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती, म्हणजे जॉबर कसा असतो ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं एक निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या बघा. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

यात जॉबर बदला असं नाही. चांगला साहेब द्या असंही नाही. मास्तर कनवाळू असो की खडूस, जॉबर गावचा असो की परका, रविवार रविवारच राहणार आणि १५ तारीख १५ तारीखच. मॅनेजर कोण आहे यावर जी गोष्ट अवलंबून राहणार नाही, अशीच प्रत्येक मागणी होती. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १८९० मध्ये मान्य केली.

परळला राज्य सरकारची श्रम विज्ञान संस्था आहे. १९४७ मध्ये ती सुरू झाली. लेबर ऑफिसर, वेल्फेअर ऑफिसर, आताच्या भाषेत एचआर, होऊ इच्छिणारी मुलं तिथे शिकतात. आज त्या संस्थेला नाव आहे नारायण मेघाजी लोखंडे यांचं.